सामोआतली राखण: आधी घर विचारा

प्रश्न: मी पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. प्रशांत महासागरातल्या सामोआ देशात जंगल, पक्षी, जुन्या कला हे सगळं कुटुंबंच सांभाळतात आणि संशोधक त्यांना हात देतात, असं वाचलं. हे खरंच चालतं का, की कागदावरच गोड दिसतं? आणि आमच्या गावच्या देवराईसाठी त्यातून काही उचलता येईल का?

उत्तर: चालतं. बिघडतंही. दोन्ही मी जवळून पाहिलं आहे, कारण वनस्पतींच्या नोंदणीच्या कामात माझी काही वर्षं तिथल्या बेटांवर गेली. पण उत्तराआधी तुमच्या प्रश्नातला एक शब्द दुरुस्त करू या.

‘कुटुंब’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चार माणसं आणि एक रेशनकार्ड येतं. सामोअन ‘आइङा’ तेवढी नाही. कोकणातलं मूळ घर, त्यातून मुंबईला गेलेले चाकरमानी, माहेरवाशिणी, त्यांची मुलंबाळं आणि अंगणात पुरलेले पूर्वज हे सगळे एकत्र धरलेत, तर थोडी जवळची कल्पना येईल. अंगणात पुरलेले हे मी उगाच म्हणत नाही. मोठ्या माणसाची कबर तिथे घराच्या पुढ्यातच बांधतात, सिमेंटची, पायऱ्यांची, रंगवलेली. दुपारी तिच्यावर पोरं खेळतात, कपडे वाळत पडतात. आणि जमिनीचा वाद निघाला की तीच कबर साक्षीदार होते. (जाता जाता: रोमन लिपीतल्या सामोअनमध्ये जी लिहिला की तो ङ वाचायचा. परदेशी अभ्यासकांची जीभ तिथे हमखास अडखळते. आपल्या मुळाक्षरांत ङ बसलेला आहेच, पहिलीनंतर त्याला कुणी विचारत नाही एवढंच. अमेरिकन सामोआतलं ते प्रसिद्ध बंदर पागो पागो नाही, पाङो पाङो.)

प्रत्येक आइङाकडे एक किंवा अधिक पदव्या असतात आणि पदवी धारण करणारा तो ‘मताई’. पदवी म्हणजे खरं तर एक नाव. माणूस जातो, नाव राहतं, आणि नावाबरोबर जमीन, गावसभेत बसायची जागा, त्या घराण्याची कथा हेही राहतं. बापानंतर थोरला मुलगा असा सरळ हिशेब नाही. घराणं बसून ठरवतं. धाकट्याला मिळते, बाईला मिळते, मुलीकडच्या वंशाचा आवाज तर फार वजनदार. ‘ओ ले आला इ ले पुले ओ ले ताउतुआ’ ही म्हण तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळेल: अधिकाराची वाट सेवेतून जाते. ज्याने घराण्यासाठी राबून दाखवलं, त्याच्याकडे नाव.

देशातली सुमारे ८० टक्के जमीन अशी घराण्यांच्या रूढीची आहे. १९६२ मध्ये सामोआ स्वतंत्र झाला, आणि संविधानाचं कलम १०२ ही जमीन विकायला किंवा गहाण टाकायला मनाई करतं. भाडेपट्टा देता येतो, तोही कायद्याच्या चौकटीत. त्यामुळे ‘सरकारने अभयारण्य जाहीर करावं’ हा आपला ठेवणीतला उपाय तिथे फार लांब जात नाही. ओ ले पुपू-पुए हे राष्ट्रीय उद्यान १९७८ मध्ये झालं खरं, पण बहुतेक महत्त्वाचं जंगल कुणाच्या तरी पदवीखाली आहे. शेजारच्या अमेरिकन सामोआत राष्ट्रीय उद्यानाला अमेरिकेच्या संसदेने १९८८ मध्ये मंजुरी दिली. जमीन मात्र विकत मिळेना. शेवटी १९९३ मध्ये गावांकडून ५० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. एवढ्या बलाढ्य देशाचं उद्यान भाड्याच्या जागेत आहे, ही गोष्ट मला अजूनही मनापासून आवडते.

आता माझीच एक फजिती सांगते, म्हणजे ‘कुणाला विचारायचं’ हे नीट कळेल. सुरुवातीच्या काळात सावाई बेटावरच्या एका गावात आम्ही जंगलपट्टीची मोजणी करायला गेलो. गावाच्या ‘पुलेनुउ’ची, म्हणजे सरकार आणि गाव यांच्यातल्या दुव्याची, रीतसर परवानगी होती. सही होती, शिक्का होता. फिती लावल्या, झाडांना खुणेच्या पट्ट्या बांधल्या, नमुने कापले. तिसऱ्या दिवशी अळूच्या शेतातून एक म्हातारी कोयता घेऊन आली आणि शांतपणे विचारलं, ‘ओढ्याच्या अलीकडे कुणी पाठवलं तुम्हाला?’ ओढ्याच्या पलीकडची जमीन एका आइङाची, अलीकडची दुसरीची. दोघांचं कित्येक वर्षांचं वाकडं. आमच्या पट्ट्या त्या वादात एका बाजूचा पुरावा होऊन बसल्या होत्या. आम्ही पट्ट्या काढल्या, नमुने परत केले, आणि पिसुपोचे डबे घेऊन त्या घरी जाऊन बसलो. पिसुपो म्हणजे डबाबंद खारवलेलं गोमांस. बेटांवर पहिल्यांदा आलेले डबे वाटाण्याच्या सूपचे होते, त्या इंग्रजी नावावरून हा शब्द झाला, आणि मग डब्यात काहीही असो, ते पिसुपोच! तिथे त्याला भेटवस्तूची प्रतिष्ठा आहे. आमची आवा झाली, म्हणजे त्या मुळीचं पाणी मानपानाने वाटून पिणं झालं, भाषणं झाली, आणि मग त्या घरातलाच एक तरुण आमच्याबरोबर द्यायचं ठरलं. पुढच्या दोन महिन्यांत मला जे कळलं, त्यातलं निम्मं त्या पोराच्या आजीकडून आलं. शिक्क्याने काहीच उघडलं नव्हतं.

गाव राखतं असं आपण सरसकट बोलतो. गावसभा, म्हणजे ‘फोनो’, नियम करते, दंड करते. दंड डुकरांत आणि चटयांत भरावा लागतो, नि तो लागतोही चांगलाच. पण झाडाजवळ रोज जाणारं, त्याचं नाव, उपयोग आणि त्यामागची गोष्ट ठाऊक असणारं घर एकच असतं. फोनोच्या नियमाला त्या घराची राखण जोडली गेली की टिकते. नुसता नियम फार दिवस टिकत नाही.

या सगळ्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण फालेआलुपो. सावाईच्या पश्चिम टोकावरचं गाव. जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्यांचे आत्मे इथूनच पुलोतूला, म्हणजे त्यांच्या परलोकाला, उतरतात. युद्धदेवता नाफानुआचाही संबंध इथलाच. १९८० च्या दशकाच्या शेवटी सरकारने गावाला बजावलं: शाळेची नवी इमारत बांधा, नाही तर शिक्षक काढून घेऊ. गावाकडे पैसे नव्हते, जंगल होतं. लाकूडतोडीचा करार झाला, यंत्रं आली. (आपल्याकडेही देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतली झाडं विकली गेली आहेत. जंगल नेहमी वाईट कारणासाठीच जातं असं नाही, हे दोन्हीकडे सारखं.) पॉल ॲलन कॉक्स हा अमेरिकन लोकवनस्पतीशास्त्रज्ञ त्या वेळी तिथे राहून वैदूबायांकडून औषधी झाडं शिकत होता. त्याने शाळेच्या कर्जाची हमी घेतली आणि पैसे उभे केले. फुइओनो सेनिओ हा तिथला मताई तोड थांबवायला पुढे झाला. १९८९ मध्ये करार झाला: सुमारे ३०,००० एकर जंगल ५० वर्षं राखायचं. जमीन गावाचीच, औषधाला साल आणि होडीला लाकूड घ्यायचा हक्क गावाचाच, फक्त व्यापारी तोड बंद. १९९७ मध्ये दोघांना मिळून गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट साधारणपणे इथे संपवतात, टाळ्या घेऊन. खरी परीक्षा मात्र पुढे आली. फेब्रुवारी १९९० मध्ये ओफा आणि डिसेंबर १९९१ मध्ये वाल अशी दोन चक्रीवादळं लागोपाठ आली. जंगल उभंच राहिलं नाही म्हटलं तरी चालेल. फळं आणि फुलं गेली. मोठी वटवाघळं उपाशीपोटी खाली, वस्तीजवळ उतरली आणि कुत्र्यांनी, डुकरांनी, माणसांनी त्यांना खाल्लं. तिथल्या जंगलात परागीकरण आणि बिया पसरवणं ही कामं फार मोठ्या प्रमाणावर याच वटवाघळांवर आहेत. दुसरे प्राणी तिथे मुळातच मोजके. त्याआधी हजारोंनी त्यांची निर्यात ग्वाम बेटावर खाण्यासाठी होत होती. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारामुळे तिला लगाम बसला. सामोअनमध्ये वटवाघूळ म्हणजे ‘पेआ’, आणि पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदतात त्या गोंदणाचं नावही ‘पेआ’च. भाषेने दोन्ही एकाच शब्दात ठेवली आहेत. निसर्गाचा वारसा वेगळा नि संस्कृतीचा वेगळा असे दोन कप्पे आपल्या प्रकल्प-अर्जांत असतात. तिथे कुणाला सांगितलंत तर हसतील.

दुसरी अडचण वादळाहून अवघड होती. बाहेरच्या देणगीदारांना पैशाबरोबर ताबाही हवा असे: निर्णय कुणी घ्यायचा, फलक कुणाच्या नावाचा, जंगलात काय चालेल काय नाही. कॉक्स आणि स्वीडिश परिसरशास्त्रज्ञ टॉमस एल्मक्विस्ट यांनी ‘पर्यावरणी वसाहतवाद’ असंच त्याचं नाव ठेवलं. सावाईवरच्याच ताफुआ द्वीपकल्पावरच्या गावाने १९९० मध्ये फालेआलुपोसारखाच करार केला होता. या दोन्ही ठिकाणांहून मी एक धडा घेतला: पैसे देणाऱ्याला पाहुण्याची जागा द्यावी. सामोअन घरात पाहुण्याला उत्तम चटई मिळते, पहिला घास मिळतो. घराचे निर्णय मात्र त्याला विचारून होत नाहीत.

आता संशोधनाकडे, कारण तुमचा रोख तिकडे आहे. फालेआलुपोमध्ये एपेनेसा माउइङोआ नावाच्या वैदूबाई ‘मामाला’ नावाच्या झाडाच्या सालीचा काढा काविळीसारख्या आजारावर देत. नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेला, आणि त्यातून प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य वेगळं केलं गेलं. शरीरात दडून बसलेल्या एचआयव्हीला बाहेर काढायची क्षमता त्याच्यात दिसली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका एड्स संशोधन संस्थेबरोबर करार झाला: नफ्यातले २० टक्के सामोआला. वाटणी बघा: १२.५ टक्के सरकारला, ६.७ टक्के गावाला, आणि दोन वैदूबायांच्या वंशाला प्रत्येकी ०.४ टक्के. २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीने सामोआ सरकारशी आणखी पुढचा करार केला. हे द्रव्य बनवणारी झाडातली जनुकं वापरून उत्पादन झालं तर उत्पन्नातला निम्मा वाटा सामोआचा.

औषध अजून दुकानात आलेलं नाही, म्हणजे ही सगळी टक्केवारी अजून शून्याची आहे. तरीही मी ती विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवते. त्या काळासाठी असा करार होणं हीच मोठी गोष्ट होती. वैदूबाईच्या वंशाचं नाव कायदेशीर कागदावर येणं तर फारच मोठं. पण ०.४ आणि १२.५ हे आकडे शेजारी ठेवले की राखण कोण करतं आणि तिचा हिशेब कुठे जमा होतो, यातली दरी डोळ्यांत भरते. ज्ञान त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिलं होतं, आणि वाटणीच्या यादीत ते घर सर्वांत खाली.

त्यानंतर काळ बदलला, आणि बदल सामोअन संशोधकांनीच घडवला. मातालाफी हे झुडूप तिथे प्रत्येक आजीला माहीत. पानांचा रस तापावर, सुजेवर, आणि भुताखेताने झपाटलं असं घरच्यांना वाटतं अशा दुखण्यांवरही देतात. या शेवटच्या उपयोगामुळे बाहेरच्या कुणीही त्याकडे गंभीरपणे पाहिलं नसतं. सेएसेएई मोलिमाऊ-सामासोनी या सामोअन शास्त्रज्ञ बाईंनी पाहिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या पानांचा सूज कमी करण्याचा गुण आयबुप्रोफेनच्या तोडीचा दिसला आणि तो लोहाला बांधून ठेवण्यातून येतो हेही कळलं. त्या वेळी त्या राजधानी आपियातल्या सामोआच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेत काम करत होत्या. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रश्नच घरातून निघाला. ‘या झाडात काही आहे का?’ असा बाहेरून आलेला तो प्रश्न नव्हता. ‘आमची आजी हे देते ते कसं चालतं?’ असा होता. आणि उत्तर त्याच बेटावर परत आलं.

बिघडलेल्या गोष्टी सांगितल्या नाहीत तर हे उत्तर जाहिरात होईल.

घराण्यांची राखण बाजारापुढे वाकते, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत स्पष्ट उदाहरण अळूचं. हो, आपलाच अळू. आपण पानांच्या वड्या आणि फतफतं करतो, ते कंद भाजून-उकडून रोजचं अन्न म्हणून खातात. कोवळ्या पानांत नारळाचं घट्ट दूध भरून तापल्या दगडांवर भाजलेली त्यांची पालुसामी खाल्लीत तर अळूवडीशी तुमचं थोडं भांडण होईल. तर, घराघरांत अळूचे अनेक वाण होते. पण निर्यातीला न्यूझीलंडमध्ये एकच वाण आवडायचा, म्हणून शेतं त्याच एका वाणाने भरली. १९९३ मध्ये पानांवरचा करपा आला. तो वाण जराही टिकला नाही, आणि वर्षभरात निर्यात जवळपास बंद पडली. पुढे दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या आलाफुआ आवारातल्या संशोधकांनी बाहेरून, पलाऊ आणि आशियाकडून, वाण आणून स्थानिक वाणांशी संकर केले आणि निवड शेतकऱ्यांवर सोपवली. करप्याला तोंड देतो का हे प्रयोगशाळा सांगू शकते. उकडल्यावर कसा लागतो, उद्या सकाळी गार झाल्यावर खाववतो का, हे घरंच सांगणार. त्यातूनच अळू परत उभा राहिला. संशोधन आणि घर एकमेकांना जोडलं गेल्याचं मला फालेआलुपोपेक्षाही हे उदाहरण जास्त पटतं, फक्त अळूला पुरस्कार देत नाहीत.

दुसरं दुखणं मानुमेआचं. हा सामोआचा राष्ट्रीय पक्षी, जगात दुसरीकडे कुठेच नाही. बाकदार लाल चोच, खालच्या चोचीला दातासारखे कंगोरे, नातं नामशेष झालेल्या डोडोशी. २० तालाच्या नोटेवर तो आहे. रानात शोधायला गेलात तर महिनोन्‌महिने दिसणार नाही. २०१४ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त वर्गात आहे. जंगलतोड, वादळं, मांजरं आणि उंदीर ही कारणं आहेतच. पण एक कारण ताटातलं आहे. लुपे या दुसऱ्या रानकबुतराची शिकार होते आणि त्यात मानुमेआ सापडतो. हे खाणं गरिबाच्या पोटासाठी नाही, मानाचं आहे, खाणारे बहुतेक पैसेवाले. त्यामागे फार जुना इतिहास आहे. बेटांच्या डोंगरात चांदणीसारख्या आकाराचे दगडी चौथरे सापडतात. मताई लोक तिथे कबुतरं धरण्याची स्पर्धा लावत. गावसभेत वक्ते आजही ज्या म्हणी वापरतात, त्यांतल्या कितीतरी त्या कबुतरधरणीच्या आहेत: जाळं, आमिषाचं पाळीव कबूतर, दांडा. म्हणजे शिकार थांबवा म्हणायला जाल तर तुम्ही प्रतिष्ठेला हात घालता, आणि पक्षी संपला तर त्यांच्या वक्तृत्वाच्या पायाखालचा दगड निसटतो. सामोआ संवर्धन संस्थेसारखी मंडळी गावोगाव जाऊन मताईंकडूनच बंदी घालून घेतात ती म्हणूनच. शहरातून काढलेल्या पत्रकाने लुपे ताटातून हलणार नाही.

तिसरं, घराणं हे माणसांचं बनलेलं असतं आणि माणसं मरतात. ७ नोव्हेंबर १९१८ ला ऑकलंडहून तालुने नावाचं जहाज आपियाला लागलं आणि त्यातून फ्लू उतरला. तेव्हा बेटं ताब्यात असलेल्या न्यूझीलंडच्या लष्करी प्रशासनाने त्याला अडवलं नाही. आठवड्यांत देशातली सुमारे २२ टक्के माणसं गेली, त्यांत कितीतरी मताई आणि जाणती माणसं. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं, तिथे एकही मृत्यू झाला नाही. एवढ्या म्हाताऱ्यांबरोबर किती वंशावळी, झाडांची नावं, शेताच्या हद्दी गेल्या याचा हिशेब कुणालाच लागणार नाही. त्याआधी वीस-एक वर्षं आउगुस्टिन क्रेमर हा जर्मन नौदलातला डॉक्टर बेटांवर फिरून वंशावळी आणि गावांच्या मानाच्या अभिवादनांचे पाठ लिहून गेला होता. साथीनंतर त्या लिखाणाला वेगळंच मोल आलं. पण त्याला ज्यांनी सांगितलं, त्यांनी आपल्या बाजूचं सांगितलं. दुसऱ्या घराण्याला विचारा, ते दोन पिढ्या वेगळ्या जोडतील. लिहून ठेवलेली एक बाजू आणि न लिहिलेली दुसरी असा सामना लागला की कागद जिंकतो, खरा असो वा नसो.

यामुळे नोंद घेणाऱ्याने एक पथ्य पाळायचं असतं. ‘ङाफा’, म्हणजे वंशावळ, तिथे चारचौघांत पूर्ण म्हणत नाहीत. ती जमिनीची आणि पदवीची किल्ली आहे. मी वनस्पतींचं काम करत असूनही या भानगडीत वारंवार सापडले, कारण ‘हे झाड कुणी लावलं?’ हा साधा प्रश्न नसतो. शेवटी मी नियम केला: झाडाची नोंद माझ्या वहीत, लावणाऱ्याचं नाव त्यांच्या वहीत. ती वही त्यांच्या ट्रंकेत राहील, मला तिची प्रत नको. माझ्या वरिष्ठांना हे अजिबात आवडलं नव्हतं.

पुरातत्त्वात हाच पेच मोठ्या प्रमाणावर दिसतो. सरकारने नकाशांसाठी विमानातून लेसर मोजणी करून घेतली होती. तिच्या आधारे सामोआ राष्ट्रीय विद्यापीठाशी संबंधित संशोधकांना उपोलू या दुसऱ्या मोठ्या बेटाच्या आतल्या डोंगरी भागात, दाट झाडीखाली, भिंती, रस्ते, चौथरे यांचं जाळंच दिसलं. आज लोकवस्ती किनाऱ्याला आहे, म्हणून आतलं जंगल अस्पर्श असणार असं सगळे धरून चालत. ते कुणाचं तरी सोडलेलं गाव निघालं. मग प्रश्न आला की कुणाचं? सावाईवरचा पुलेमेलेई हा पॉलिनेशियातला सर्वांत मोठ्या प्राचीन दगडी बांधकामांपैकी एक, सुमारे १२ मीटर उंच. तो ज्या मळ्यात आहे त्या जमिनीवरच्या हक्काचा वाद कोर्टात गेला. २००० नंतरच्या दशकात उत्खननासाठी तो साफ केला होता, पुढे वेलींनी पुन्हा झाकला. राखायला कुणाला सांगायचं हे ठरत नाही, तोवर दगड आणि वेली एकमेकांना राखतात.

चटईबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबवत नाही. ‘इए तोङा’ म्हणतात ती चटई प्रत्यक्षात बसायची नसतेच. केवड्याच्या कुळातल्या झाडाची पानं सोलून, वाळवून, दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या काढून विणलेली, रेशमासारखी मऊ. चांगली एक चटई विणायला महिने लागतात, कधी वर्षं. लग्न, मृत्यू, पदवी हे तिच्याशिवाय होत नाही. गंभीर गुन्हा घडला तर गुन्हेगाराच्या घराण्याचे वडील ही चटई डोक्यावरून पांघरून पीडिताच्या दारात पहाटे जाऊन बसतात. समोरच्याने चटई उचलली तर क्षमा. याला ‘इफोङा’ म्हणतात. २०१९ मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

ती वाचली कशी ते मात्र युनेस्कोच्या आधीचं आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चटया भरमसाट झाल्या. जाडी वीण, मोठा आकार, गठ्ठ्याने देणं-घेणं. एका अंत्यविधीला शेकडो चटया इकडून तिकडे जात, आणि एकही जपून ठेवण्यासारखी नसे. बारीक वीण येणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘विमेन इन बिझनेस’ या सामोअन संस्थेने आणि नंतर सरकारनेही बारीक विणीला दाम मिळेल अशी व्यवस्था लावली. गावागावांतल्या ‘फालेलालाङा’, म्हणजे विणकामाला एकत्र बसायची घरं, पुन्हा भरली. मी अशा एका घरात दुपारभर बसायचे. विणताना गप्पा, टिंगल, शेजारणीच्या सुनेची चौकशी, आणि मध्येच कुठल्या ओढ्याकाठची पानं लांब निघतात याचा वाद. वनस्पतीशास्त्राचा एवढा चांगला वर्ग मला विद्यापीठात मिळाला नव्हता. चटई टिकली म्हणून तो विशिष्ट केवडाही परड्यांत लावला जातो, वाण वेगळे ठेवले जातात. वीण सुटली असती तर झाडाकडे कुणी पाहिलंही नसतं.

आता तुमची देवराई. सगळं उचलता येणार नाही. आपल्याकडे कलम १०२ नाही, आणि देवराईची जमीन कुठे देवस्थानच्या नावावर, कुठे सरकारच्या, कुठे वनखात्याकडे असा घोळ आहे. म्हणून आधी सातबारा काढा. मग गुरवाकडे जा, पण तिथेच थांबू नका. पालखीचा मान कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, राईतली कोणती पायवाट कोणत्या वाडीची, हे विचारत घरं शोधा, आणि वाद असलेली दोन घरं असतील तर दोघांकडे जा, एकाच आठवड्यात. माहेरवाशिणींना विसरू नका. झाडांची नावं बऱ्याचदा त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला गेलेली असतात. राईतली कोणती गोष्ट वहीत लिहायची नाही हे त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या प्रबंधाची एक प्रत मराठीत, छापून, त्या घरांत ठेवून या. मार्गदर्शक म्हणतील याला गुण नाहीत. खरंच नाहीत.

आणि पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नका. नारळ, साखर, काहीतरी न्या. पिसुपो आपल्याकडे चालायचा नाही.